प्रयोगशाळा दाखवलेली मुलं

विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळा दाखवली म्हणजे पोराचं भलं झालं, असं त्या वस्तीत सगळे धरून चालायचे. दाखवायची ती पोराला नव्हे, पोराच्या आईबापाला. आठवीची वार्षिक परीक्षा आटोपली की बाई वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर हेरायच्या, शिपायाकरवी घरी निरोप धाडायच्या, आणि आई किंवा बाप, जे कोणी कामावरून सुटून धापा टाकत येईल, त्याला घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायच्या. व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळा होती. बाई कुलूप काढायच्या, दार लोटायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. तोंडाने अवाक्षर काढायच्या नाहीत.

काढायचं कशाला? आत सगळं बोलकंच होतं. कोरडे नळ. कबुतरांनी घाण केलेलं बेसिन. कपाटाची काच फुटलेली, आणि आत तीनचार परीक्षानळ्या, त्यांच्यात कोळ्यांनी संसार थाटलेले. भिंतीवर मानवी सांगाड्याचा तक्ता, तोही गुडघ्यापासून खाली फाटलेला. बाप बिचारा डोळे फाडून बघत राहायचा आणि मग हळूच विचारायचा, "बाई, मग पुलापलीकडच्या शाळेत घालू का?" बाई नुसती मान हलवायच्या. महिन्याभरात ते पोर पुलापलीकडच्या शाळेच्या गणवेशात दिसायचं.

हे सुरू झालं ते अगदी सहज. फार वर्षांपूर्वी एका नळदुरुस्तीवाल्याला मोठ्या सरांनी प्रयोगशाळेचे नळ बघायला बोलावलं होतं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. कुलूप काढून खोली दाखवली ती बाईंनी. नळवाल्याने पाना बाजूला ठेवला, चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "माझा पोरगा इथे शिकतो?" नळ काही त्याने दुरुस्त केले नाहीत, पोराचा दाखला मात्र काढून नेला. पोरगा पुढे इंजिनियर झाला. नळवाला एक दिवस बाईंच्या घरी आला, स्वयंपाकघरातला गळका नळ फुकटात बसवून दिला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "तुम्ही ती खोली दाखवलीत म्हणून झालं, बाई." बाईंना त्या दिवशी आपण मास्तरकी करतो याचं पहिल्यांदा समाधान वाटलं. मग दरवर्षी एखादं पोर, कधी दोन. पुण्याचं काम म्हणून त्या करत राहिल्या, आणि पुण्याच्या कामात माणूस हिशेब बघत नाही, हीच तर गोम असते.

पलीकडच्या शाळेत बाईंची नणंदच शिकवायची, त्यामुळे प्रवेशाची अडचण नव्हती. बाई तिला फोन करायच्या, "वन्सं, एक पाठवतेय." वन्सं खुशीत म्हणायच्या, "पाठवा की वहिनी, तुमचा माल चोख असतो." पेपरात पलीकडच्या शाळेच्या निकालाचे फोटो यायचे. त्यातली अर्धीअधिक तोंडं बाईंच्या ओळखीची असायची. नवऱ्याला त्या कौतुकाने दाखवायच्या. नवरा बँकेत कॅशियर, तिरकस बोलण्यात पटाईत. तो म्हणायचा, "म्हणजे दूध तुमचं आणि साय त्यांची." बाई हसण्यावारी न्यायच्या.

साय काढून काढून खाली काय उरलं, ते मात्र कोणी बघत नव्हतं. पट घसरत गेला. दोन तुकड्यांची एक झाली. चित्रकलेचे सर गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. गणिताचे सर निवृत्त झाले आणि गणित मोठे सरच शिकवू लागले, तेही मीटिंगा नसतील तेव्हा. ज्या वर्गात कुणी हात वर करत नाही, तिथे शिकवण्यात राम राहत नाही, असं शिक्षक शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एकमेकांना सांगायचे. हात वर करणारी पोरं कुठे गेली, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाई चहात साखर ढवळत बसायच्या.

अन् एक गोष्ट तर त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी शिक्षण खात्याकडून एक मोठं खोकं आलं होतं. नवे कोरे सूक्ष्मदर्शक. मोठे सर लहान मुलासारखे हरखले होते. "बाई, उद्याच्या उद्या लावा." बाई म्हणाल्या, "इथे कुलपं टिकत नाहीत सर, चोरीला जातील. आधी कपाट नीट करून घेऊ." कपाट काही नीट झालं नाही. खोकं प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाखाली गेलं आणि त्यावर बाईंनी खिडकीचा जुना जाड पडदा टाकला. चोरीची भीती खोटी नव्हती. पण खरं कारण तेवढंच होतं असंही नाही. टेबलावर चकचकीत सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले असते, तर आईबापांना दाखवायचं काय? बाई त्या विचाराच्या जवळपास फिरकायच्या आणि लगेच माघारी यायच्या.

त्या वर्षी खात्याची नोटीस आली. पट कमी, निकाल कमी, शाळा बंद करून मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत वर्ग करायचं. त्याआधी पालकांची सुनावणी. मोठे सर नोटीस हातात घेऊन खुर्चीत खचलेच. मग उसनं अवसान आणून म्हणाले, "बाई, पालकांचा तुमच्यावर जीव आहे. सुनावणीत तुम्हीच बोलायचं." बाई हो म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

नोटिशीची बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी शिवणवाली बाईंच्या घरी आली. ही वस्तीतली गणवेश शिवणारी. नवरा असून नसल्यासारखा, मशीन हाच काय तो तिचा आधार. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, असा तिचा अवतार असायचा आणि तशीच ती कुठेही जायची. तिच्या मोठ्या मुलाच्या वेळी बाईंनी तिला प्रयोगशाळा दाखवली होती. तो पलीकडे शिकून आता एका कचेरीत चिकटला होता, थंडगार खोलीत बसून काम करायचा. धाकटी मुलगी याच शाळेत होती, नववी झाली होती. अंगाने बारकी, सतत काहीतरी उचलत ठेवत असायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे.

शिवणवाली खुर्चीच्या कडेवर टेकली. "बाई, मुंगीचं दहावीचं वर्ष आहे हो. त्या टोकाच्या शाळेत दोन बसा बदलून जावं लागतं. सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी अंधारात यायचं. मी नाही पाठवायची. शाळा राहिली तर ती शिकेल, नाहीतर बसेल माझ्या शेजारी मशीनवर."

"असं काय करता? दहावी तरी होऊ द्या."

"मग पलीकडच्या शाळेत घाला ना तिला. तुमच्या वन्सं आहेत तिथे."

"बघते मी," बाई म्हणाल्या.

शिवणवाली उठली. दाराशी गेली आणि थांबली. टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक विचारू? राग नाही हं, सहज विचारते. मोठ्याच्या वेळी तुम्ही मला बोलावलंत. मुंगी आठवीत होती तेव्हा मी रोज वाट बघायचे शिपायाची. तुमचा निरोप नाही आला. तिच्यात काय कमी दिसलं तुम्हाला?"

खरं उत्तर असं होतं, की मुंगीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. ती मागच्या बाकावर बसायची, विचारलं तर बोलायची, न विचारलं तर नाही. त्या वर्षी पहिल्या बाकावरचा एक पोरगा फाडफाड उत्तरं द्यायचा, बाईंनी त्याला निवडलं आणि विषय मिटवला. पण आईच्या तोंडावर कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझी पोर मला दिसलीच नाही?

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या. "पण जरा संथ आहे. पलीकडे फार घाई असते, तिला झेपलं नसतं."

"असं होय," शिवणवाली म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला. कारण मिळालं की माणसाला बरं वाटतं, मग ते कसलंही का असेना. "मग बरोबर केलंत तुम्ही." ती गेली, आणि बाई कितीतरी वेळ तो नळवाल्याने बसवलेला नळ उगीचच उघडत बंद करत राहिल्या.

रविवारी बाई नणंदेकडे गेल्या. वन्सं वयाने लहान, पण ऐट थोरलीची. त्यांनी चहा केला, पंखा सुरू केला, सुनावणीची चौकशी केली. बाईंनी मुंगीचा विषय काढला.

"दहावीला बाहेरची मुलं घेत नाहीत, वहिनी. शाळेचा निकाल असतो ना."

"मी म्हणतेय म्हणून घ्या. इतकी वर्षं पाठवतेय."

"आठवीनंतर पाठवायचात. निवडून पाठवायचात." वन्संनी बशी खाली ठेवली. "ही तुमच्याच हाताखाली होती ना? हुशार असती तर तुम्ही तेव्हाच नसती का पाठवली?"

बाईंनी कप उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"आमच्या मोठ्या बाईंना मी काय सांगू? त्या पहिलं हेच विचारणार. तुमच्या निवडीवर आमचा किती भरवसा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ज्याला ठेवून घेतलं तो ठेवण्यासारखाच असणार, असं इथे सगळे समजतात." आणि मग, जखमेवर फुंकर घालावी तसं, "चहा गार होतोय, वहिनी."

आपल्याच हाताने केलेल्या चाळणीत आपणच अडकलो, हे बाईंना तिथे बसल्या जागी कळलं. दरवर्षी एकाला वर काढताना त्यांनी बाकीच्या सगळ्यांच्या कपाळावर शिक्का मारला होता. आणि शिक्का मारताना एकदाही तिकडे बघितलं नव्हतं. परतताना पुलावर त्या थांबल्या. शाळेची इमारत इथून दिसायची. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीची खिडकी बिनपडद्याची होती. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, हे बाईंना त्या दिवशी समजलं, आणि या वयात समजलं म्हणून आणखी लाज वाटली.

सुनावणीच्या दिवशी नववीच्या वर्गात पालक दाटीवाटीने बसले. पोरांच्या बाकांत मोठ्या माणसांचे गुडघे मावत नव्हते. कोणी रिक्षावाला, कोणी हॉस्पिटलात फरशी पुसणारी, कोणी रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. नळवालाही आला होता, त्याचं आता कोणीच या शाळेत नसताना. मागच्या भिंतीला टेकून काही मुलं उभी होती, त्यांत मुंगी. समोर खात्याचे साहेब, चेहरा शांत, पुढ्यात कागद.

मोठ्या सरांनी प्रास्ताविकात शाळेचा इतिहास सांगायला घेतला, तो साहेबांनी हात वर करून थांबवला. मग बाई उठल्या. रात्रभर घोकलेलं भाषण होतं. ही शाळा म्हणजे या वस्तीचा आधार आहे, मुलींना लांब पाठवणं आईबापांना जमत नाही, शिक्षक जीव ओतून शिकवतात. बाई बोलत होत्या आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. पण पालक मन लावून ऐकत होते. जीव ओतून शिकवतात, हे म्हटल्यावर तर काहींनी टाळ्याही वाजवल्या.

साहेबांनी टाळ्या संपू दिल्या. मग ते म्हणाले, "बाई, तुमची कळकळ मला समजते. एकच शंका आहे. शाळा इतकी चांगली आहे, तर दरवर्षी आठवीनंतर इथली उत्तम मुलं पुलापलीकडे का जातात? कोण पाठवतं त्यांना?"

बाहेर कोणीतरी हापसा हापसत होतं, तो आवाज आत आला. बाईंनी समोर पाहिलं. त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला उत्तर ठाऊक नव्हतं. ज्यांना प्रयोगशाळा दाखवली होती त्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना दाखवली नव्हती त्यांना तर जास्तच. भिंतीला टेकलेल्या पोरांनाही ठाऊक होतं. त्या पोरांच्या डोळ्यांत बघून बाईंच्या एकदम लक्षात आलं, की नववीदहावीच्या बाकांवर बसलेलं प्रत्येक पोर इतकी वर्षं हे पक्कं जाणून बसलं होतं की आपल्या आईबापाला बाईंनी वर नेलं नाही. हात वर कोण करणार? कशासाठी?

मी पाठवली, एवढे दोनच शब्द होते. बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

तेवढ्यात शिवणवाली उठली. "साहेब, बाईंना कशाला विचारता? आमची पोरं, आम्हीच पाठवली."

"तुम्ही स्वतः?"

"हो तर. बाई बिचाऱ्या नको नको म्हणत होत्या. आम्हीच ऐकलं नाही."

"खरंय," मागून नळवाला म्हणाला. "माझ्या पोराच्या वेळी बाईंनी किती समजावलं मला. मीच अडून बसलो."

मग तिसरा बोलला, मग चौथी. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आम्हीच नेली, बाईंचा काही दोष नाही. बाईंना वाचवायला माणसं नुसती चढाओढीने खोटं बोलत होती. ज्यांचं भलं केलं ते बोलले, हे समजण्यासारखं होतं. पण ज्यांची पोरं मागे राहिली, त्यांनीही माना डोलावल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि पेनाला टोपण लावलं. "म्हणजे पालकांनाच ही शाळा नको होती. शिक्षकांनी समजावूनही त्यांनी मुलं काढली. मग मी कुणाच्या इच्छेविरुद्ध शाळा बंद करतोय, असं म्हणता येणार नाही."

पालकांना कळायला क्षणभर वेळ लागला. शिवणवाली उभीच होती, तिचं तोंड उघडं राहिलं. तिने बाईंकडे पाहिलं. आता बाई बोलतील, अशी खात्री होती त्या नजरेत. अजून वेळ गेली नव्हती. साहेब खुर्चीतून उठले नव्हते, कागद अजून टेबलावरच होते. बाईंनी म्हणायचं होतं, साहेब, ही माणसं माझ्यासाठी खोटं बोलताहेत. यांना शाळा हवी होती, मी त्यांना ती नकोशी केली. बाईंनी मोठ्या सरांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली होती. त्यांनाही सगळं ठाऊक होतं म्हणजे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, पेपरातले ते फोटो, वन्संचा भरवसा, नळवाल्याचे भरले डोळे, सगळं बाईंच्या नजरेसमोरून गेलं. आणि त्या खाली बसल्या.

साहेबांनी कागद उचलले.

बाहेर पडताना कोणी बाईंना एका शब्दाने बोललं नाही. उलट नळवाला जवळ येऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, बाई. तुम्ही केलं तेवढं केलंत." शिवणवाली मात्र मुंगीचा हात धरून सरळ फाटकाकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

शाळेतलं सामान हलवायला ट्रक आला तेव्हा सुट्टी सुरू होती. बाकं त्या टोकाच्या शाळेला जाणार होती, पुस्तकं खात्याच्या गोदामात, आणि विज्ञानाचं जे काही साहित्य असेल ते पुलापलीकडच्या शाळेला. तिथे ते नीट वापरलं जाईल, असा खात्याचा शेरा होता. बाई किल्ल्या द्यायला आल्या होत्या. हमाल खालचे वर्ग रिकामे करत होते.

जिन्याच्या तळाशी मुंगी उभी होती. हातात कापडाची पिशवी, बोटाला सुई टोचल्याची पट्टी.

"आईने पाठवलं होतं, एकीचं माप घ्यायला," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात म्हणून आले."

"मशीनवर बसतेस?"

"हो. काज करते, बटणं लावते. कॉलर अजून जमत नाही." मग ती जरा घुटमळली. "बाई, सगळं नेतायत आता. एकदा प्रयोगशाळा बघू का?"

बाईंना नाही म्हणता आलं नाही. दोघी वर गेल्या. बाईंनी कुलूप काढलं, दार लोटलं आणि सवयीने बाजूला उभ्या राहिल्या. मुंगी उंबऱ्यावर चप्पल काढून आत गेली. काय विचार आला तिच्या मनात कोण जाणे, पण काढली.

तिने बेसिन बघितलं, कपाट बघितलं, सांगाड्याचा अर्धा तक्ता बघितला. तोंडावर निराशा नव्हती. "मला वाटायचं आत काय असेल आणि काय नाही," ती हसून म्हणाली. "दादा काही सांगायचाच नाही. आई म्हणायची, दाखवण्यासारखं काही नाही तिथे." मग ती टेबलाशी वाकली. कापड दिसलं की तिचा हात जायचाच. तिने पडद्याची कड चिमटीत धरून पोत बघितला आणि पडदा उचलला.

"हे काय आहे?"

खोक्यावर चित्र होतं, नाव छापलेलं होतं, आणि चिकटपट्टी जशी आली तशीच होती, पिवळी पडलेली.

"सूक्ष्मदर्शक!" मुंगी म्हणाली. "उघडू?"

तिने पिशवीतली कात्री काढली आणि पट्टी कापली. एक उपकरण उचलून टेबलावर ठेवलं, किती जपून, अंगावरचं पोर ठेवावं तसं. बाईंनी पुढे होऊन ते खिडकीकडे वळवलं, आरसा फिरवला. इतक्या वर्षांत हे करायला बाईंचे हात विसरले नव्हते, याचंच त्यांना वाईट वाटलं. बघायला काही नव्हतं, तेव्हा मुंगीने बाहीचा एक दोरा ओढून खोक्यातल्या काचपट्टीवर ठेवला आणि डोळा लावला.

बराच वेळ ती हललीच नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही फळ्यावर काढायचात ना, धाग्याचे पीळ कसे दिसतात, कापसाचा वेगळा, लोकरीचा वेगळा. अगदी तस्संच आहे हो. हुबेहूब काढायचात तुम्ही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोसला असता.

"हे कधी आलं इथे?"

"तू पाचवीत असशील तेव्हा," बाई म्हणाल्या. एवढं एक मात्र त्या खरं बोलल्या. त्यापुढचं काही मुंगीने विचारलं असतं, तर तेही सांगितलं असतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पण मुंगीने विचारलं नाही. ती पुन्हा वाकली, बोटाने दोरा जरासा सरकवला आणि बघू लागली.

दारात हमाल आला. डोक्यावरचं फडकं झटकत म्हणाला, "चला चला, एवढंच राहिलंय. हे खोकं पुलापलीकडे ना?"

"जरा थांबा हो काका," मुंगी डोळा न हलवता म्हणाली. "मला वेळ लागतो. मी थोडी संथ आहे. बाईंना विचारा, त्यांना माहितीये."

हमालाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातानेच त्याला थांबायला सांगितलं, आणि तोंड फिरवून व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या.